युद्धकाळातली जीप: विलीज की फोर्ड, आणि त्यात मूळचे किती?

आमच्या सातारा जिल्ह्यात जुन्या जीपला लोक सरसकट ‘विलीज’ म्हणतात. मग ती १९४३ सालची युद्धातली गाडी असो, नाही तर मुंबईत बांधलेली पुढच्या काळातली महिंद्रची असो. मी माझी जीप घेतली तेव्हा विकणाऱ्याने ती ‘बेचाळीसची ओरिजिनल मिलिटरी’ म्हणून दाखवली होती आणि मलाही ते ऐकायला बरे वाटले होते. पुढे दोन वर्षे तिच्या खाली आडवे पडून, पुस्तके चाळून आणि दहा मेस्त्र्यांचे डोके खाऊन जे कळले ते असे: चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) फोर्डची, इंजिन युद्धानंतरच्या नागरी जीपचे, मागचे हौसिंग (दोन चाकांना जोडणारा आस आणि त्यातले गिअर यांचे कवच) त्याहूनही नंतरचे आणि बॉडी तर अलीकडे पत्रा वाकवून केलेली. गाडी उत्तम चालते आणि मी ती विकणारही नाही, पण हे सगळे खरेदीच्या दिवशी तासाभरात कळू शकले असते. तो तास कसा घालवायचा, हे इथे क्रमाने सांगतो.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. अमेरिकी सैन्यासाठीची पाव टनी जीप दोन कंपन्यांनी बनवली. ओहायो राज्यातील टोलेडो येथील विलीज-ओव्हरलँडच्या गाडीला ‘एमबी’ म्हणतात, तर त्याच आराखड्यावरून फोर्डने बनवलेल्या गाडीला ‘जीपीडब्ल्यू’. त्यातला ‘जी’ सरकारी गाडीचा, ‘पी’ ८० इंची व्हीलबेसचा (पुढच्या-मागच्या चाकांतल्या अंतराचा) आणि ‘डब्ल्यू’ विलीजच्या आराखड्याचा. १९४१ च्या अखेरीपासून १९४५ पर्यंत दोघांनी मिळून सव्वासहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. सुटे भाग एकमेकांना बसावेत, अशी सैन्याची अटच होती, आणि आपली सारी अडचण तिथूनच सुरू होते. युद्धात नादुरुस्त झालेल्या जीप सैन्याच्या दुरुस्ती-डेपोत गेल्या की हाताला येईल त्या कंपनीचा भाग बसवून बाहेर पडत. युद्ध संपल्यावर त्या डिस्पोजलमध्ये, म्हणजे सैन्याच्या जादा सामानाच्या विक्रीत, निघाल्या, आपल्याकडे शेतावर, जंगलात आणि जत्रेत राबल्या, आणि प्रत्येक गॅरेजने त्यात आपापली भर घातली. म्हणून ‘ही गाडी कोणती’ असा एकच प्रश्न विचारू नये. चासी कोणाची, इंजिन कोणाचे, हौसिंग कोणाचे आणि बॉडी कोणाची, असे चार वेगळे प्रश्न विचारावेत.

सोबत काय न्यावे

चांगली विजेरी, दात तपासायच्या आरशासारखा लहान आरसा, पितळी तारांचा ब्रश (पोलादी नको), थोडे रॉकेल आणि चिंध्या, खडू, मेजरिंग टेप, लोहचुंबक, बटर पेपर आणि मऊ पेन्सिल, वही, आणि चिठ्ठी लावता येतील अशा प्लास्टिकच्या पिशव्या. जॅक आणि दोन भक्कम घोडे (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड) गॅरेजमध्ये मिळतातच. कागदांपैकी आरसी बुक, जुने कर-पावत्यांचे कागद, विमा, आणि असल्यास लिलावाची किंवा पहिल्या विक्रीची पावती मागून घ्यावी. आरसीची झेरॉक्स खिशात असल्याशिवाय गाडीखाली जाऊ नये, कारण नंबर सापडला तरी तो कशाशी ताडून पाहायचा ते तिथेच कळायला हवे.

१. धुण्याआधी पाहा, खोलण्याआधी लिहा

गाडी घरी आली की पहिली इच्छा होते ती धुऊन, घासून रंगाला देण्याची. ती महिनाभर आवरावी. माझ्याकडून चूक इथेच झाली. मी गाडी ओळखीच्या मेस्त्रीकडे सोपवली आणि त्याने मोठ्या आपुलकीने बॉडीचे आणि मडगार्डचे सगळे गंजके बोल्ट कापून नवे कोरे बसवले. जुन्या बोल्टांनी अर्धी पाटी भरली आणि ते भंगारवाल्याला किलोवर गेले. काही महिन्यांनी एका ब्रॅकेटच्या आत अडकून राहिलेला एकच जुना बोल्ट हाती लागला. रॉकेलने पुसला तर त्याच्या डोक्यावर फोर्डच्या वळणदार लिपीतले ‘एफ’ अक्षर स्पष्ट दिसले. म्हणजे त्या अर्ध्या पाटीत गाडीच्या जन्माची साक्ष होती आणि मी ती किलोच्या भावाने विकली होती.

तेव्हा प्रत्येक बाजूने, खालून आणि बॉनेटखाली फोटो काढावेत. जो भाग निघेल त्याची पिशवी करावी, तो कुठून निघाला ते चिठ्ठीवर लिहावे आणि गंजला म्हणून काहीही टाकू नये. सँडब्लास्टिंगची, म्हणजे वाळूच्या माऱ्याने रंग काढण्याची, घाई तर अजिबात नको. त्याने रंगाचे जुने थर जातात आणि उथळ ठोकलेले आकडेही पुसट होतात.

२. उभ्या उभ्या दिसणाऱ्या खुणा

ही गाडी युद्धकाळातली आहे की नंतरची, हे पाच मिनिटांत बरेचसे कळते.

पुढच्या जाळीतील उभ्या फटी मोजाव्यात. युद्धकाळातील पत्र्याच्या जाळीत ९ फटी असतात आणि हेडलाइट आत दबलेले असतात. युद्धानंतरच्या नागरी सीजे-टूए जीपला ७ फटी असून तिचे हेडलाइट मोठे आणि बाहेर आलेले असतात. युद्धातल्या जीपचे हेडलाइट बिजागरीवर बसवलेले असून ते उलटे फिरवून रात्री इंजिनावर उजेड पाडता येत असे. जाळी नवी असली तरी त्या बिजागरीचे अवशेष मागे आहेत का, ते पाहावे. सुरुवातीच्या सुमारे २५ हजार एमबींना पत्र्याची जाळी नव्हती, तर लोखंडी पट्ट्या जोडून केलेली होती. तशी अस्सल जाळी आपल्याकडे दिसणे दुर्मीळ, म्हणून कोणी दाखवलीच तर वेल्डिंग नीट तपासावे. पत्र्याची दाबीव जाळी मूळची फोर्डची; विलीजने ती १९४२ मध्ये उचलली.

पेट्रोलचे झाकण कुठे आहे? युद्धातल्या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते आणि पेट्रोल भरायला सीट उचलावी लागते. नागरी जीपला झाकण बाहेर, बॉडीच्या बाजूला असते. मागचा पत्रा सलग असून त्यावर स्टेपनी असेल तर तो युद्धकाळाचा नमुना. मागे उघडणारे फाळके असेल तर नागरी. पुढची काच दोन भागांत असणे एमबी, जीपीडब्ल्यू आणि सीजे-टूए या तिघींना लागू पडते, मात्र एकसलग काच म्हणजे सीजे-थ्रीए किंवा त्यापुढची गाडी. बॉनेट उंच आणि पुढून ठोकळ्यासारखे दिसत असेल तर ती सीजे-थ्रीबी. तिचे इंजिन उंच असल्यामुळे बॉनेट वर न्यावे लागले. महिंद्रने आपल्याकडे दीर्घकाळ बनवली ती हीच, आणि खेड्यापाड्यांत ‘जुनी विलीज’ म्हणून दाखवली जाते तीही बहुधा हीच. बॉनेटच्या बाजूला ‘विलीज’ अशी उठावाची अक्षरे असतील तर लोक खूश होतात, पण ती अक्षरे नागरी बॉनेटवरची आहेत, युद्धातल्या बॉनेटवर ती नव्हती.

स्टिअरिंग डाव्या बाजूला असल्याने काहीही सिद्ध होत नाही. युद्धातल्या सगळ्या जीप डाव्या स्टिअरिंगच्या होत्या हे खरे, पण महिंद्रच्या जीपही वर्षानुवर्षे तशाच येत होत्या. त्यांच्या पाठीवर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असे रंगवलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. उजवीकडे स्टिअरिंग असलेली ‘मिलिटरी’ जीप मात्र नंतर बदललेली, हे नक्की. व्हीलबेस मोजूनही फार निष्पन्न होत नाही, कारण एमबीपासून सीजे-थ्रीबीपर्यंत सगळ्यांचा तो ८० इंचच आहे.

या सर्व खुणा बॉडीच्या आहेत आणि बॉडी बदलता येते. म्हणून यावर निकाल देऊ नये. फक्त पुढे काय शोधायचे ते ठरवावे.

३. चासी: रेडिएटरखाली विजेरी मारा

माझ्या मते गाडीची ओळख म्हणजे तिची चासी, आणि इथे निसर्गाने नव्हे पण फोर्डने आपल्यावर मोठी कृपा केली आहे. पुढून खाली वाकून रेडिएटरच्या खालचा, दोन्ही बाजूंच्या दांड्यांना जोडणारा पहिला आडवा तुकडा पाहावा. विलीजने तिथे गोल पाइप वापरला. फोर्डने तिथे उलट्या पन्हळीसारखा, म्हणजे खाली तोंड केलेल्या ‘यू’ आकाराचा तुकडा बसवला. माती साचून पन्हळ भरलेली असेल तर ती बोटाने चाचपावी. खालून पोकळ लागली की फोर्ड.

फोर्डची पन्हळ हा भक्कम पुरावा आहे, विलीजचा पाइप मात्र तितका नाही. युद्धानंतरच्या सीजे-टूएच्या चासीलाही तसाच गोल पाइप आहे, आणि त्या चासीवर नवी ९ फटींची बॉडी ठेवून ‘एमबी’ म्हणून विकण्याचे प्रकार होतात. म्हणून पाइप दिसला की पुढचा टप्पा टाळू नये.

४. चासीचा नंबर

विलीजने चासीचा क्रमांक लहान पट्टीवर ठोकून ती पट्टी डाव्या दांड्याच्या आतल्या अंगाला, पुढच्या बंपरच्या मागे रिव्हेटने बसवली. ही पट्टी अनेकदा गळून पडलेली असते आणि रिव्हेटची छिद्रे तेवढी राहतात. फोर्डने क्रमांक थेट लोखंडावर ठोकला. तो डाव्या दांड्याच्या वरच्या पृष्ठभागावर, इंजिनाच्या माउंटिंगच्या आसपास सापडतो. तेल, माती आणि रंगाचे चार-पाच थर यांखाली तो दडलेला असतो, म्हणून रॉकेलची चिंधी तासभर ठेवून मग पितळी ब्रशने हलके घासावे. ग्राइंडर किंवा पोलादी ब्रश लावला तर नंबर जातो आणि परत येत नाही. आकडे पुसट असतील तर विजेरी समोरून न धरता अगदी आडवी धरावी. सावलीत आकडे उठून दिसतात. मग आरटीओत देतो तशी बटर पेपरवर पेन्सिलने छाप घ्यावी.

विलीजचे क्रमांक ‘एमबी १००००१’ पासून सुरू झाले. १९४२ च्या अखेरीस ते सुमारे २ लाखांपर्यंत, १९४३ च्या अखेरीस सुमारे २ लाख ९३ हजारांपर्यंत, १९४४ च्या अखेरीस सुमारे ४ लाख २ हजारांपर्यंत गेले आणि सुमारे ४ लाख ६० हजारांवर थांबले. फोर्डचे क्रमांक एकपासून सुरू झाले आणि ३ लाखांपर्यंतही पोचले नाहीत. समोरच्या माणसाने ‘बेचाळीसची विलीज’ म्हणून ३ लाख ५० हजारांच्या घरातला क्रमांक दाखवला तर गाडी १९४४ ची आहे एवढे आपण शांतपणे सांगू शकतो.

आता सर्वांत सामान्य गैरसमज. चासीचा आणि इंजिनाचा क्रमांक एकच असेल तरच गाडी अस्सल, असे बाजारात मानले जाते. फोर्डच्या बाबतीत ते बरोबर आहे, कारण कारखान्यात चासीवर इंजिनाचाच क्रमांक ठोकला जात असे. विलीजच्या बाबतीत ते साफ चूक आहे. तिथे दोन्ही क्रमांक मुळातच वेगळे होते. एमबीचे दोन्ही क्रमांक तंतोतंत जुळत असतील तर आनंद मानण्याऐवजी कोणी नंतर पंच मारला आहे का, याचा संशय घ्यावा. ठोकलेल्या आकड्यांची उंची, ओळ आणि दाब सारखा आहे का, आणि आजूबाजूचे लोखंड ग्राइंडरने खाली बसलेले आहे का, हे बोट फिरवून कळते.

नंबर सापडलाच नाही तर स्वतः पंच मारून ‘दुरुस्त’ करू नये. चासी क्रमांकाशी खेळणे हा गुन्हा आहे, आणि त्याहून मोठे नुकसान म्हणजे त्या गाडीवर पुढे कोणीही जाणकार विश्वास ठेवत नाही.

५. इंजिन

बॉनेट उघडून आधी इंजिनाचे डोके पाहावे. वरून सपाट लोखंडी झाकण आणि त्यावर उभे चार प्लग दिसले तर ते सपाट डोक्याचे २१९९ सीसीचे, ६० अश्वशक्तीचे जुने इंजिन. वर वेगळे टॅपेट कव्हर असेल तर ते सीजे-थ्रीबीसोबत आलेले पुढचे इंजिन. डिझेल इंजिन असेल तर प्रश्नच मिटला. आपल्याकडच्या कितीतरी जीपमध्ये इंधनाच्या खर्चापायी ते बसवले गेले आणि त्यासाठी माउंटिंगची मूळ ब्रॅकेट कापली गेली. ती कापली आहेत का, तेवढे बघून ठेवावे.

सपाट डोक्याच्या इंजिनाचा क्रमांक ब्लॉकच्या उजव्या बाजूला, पुढे आणि वर, तेलाच्या फिल्टरमागे असलेल्या लहानशा सपाट जागेवर ठोकलेला असतो. तिथे आरसा लागतोच. क्रमांकाआधीची अक्षरे सगळे सांगून जातात. ‘एमबी’ म्हणजे विलीजचे युद्धकालीन, ‘जीपीडब्ल्यू’ म्हणजे फोर्डचे, नुसते ‘जे’ म्हणजे नागरी सीजे-टूएचे, ‘थ्री-जे’ म्हणजे सीजे-थ्रीएचे आणि ‘फोर-जे’ म्हणजे सीजे-थ्रीबीचे. माझ्या आरशात ‘जे’ दिसला तेव्हा आधी वाटले की पुढची अक्षरे पुसली गेली असतील. पुसली काहीच नव्हती, माझीच आशा तेवढी मोठी होती.

ब्लॉक ओतताना उठवलेले आकडे वेगळे आणि नंतर ठोकलेला क्रमांक वेगळा. फोर्डच्या ब्लॉकवर ‘जीपीडब्ल्यू ६०१५’ असे ओतलेले असते, विलीजच्या ब्लॉकवर ‘६३८६३२’. हा दुसरा आकडा युद्धानंतरच्या नागरी ब्लॉकवरही आढळतो, म्हणून त्यावरून फक्त विलीज म्हणावे, युद्धकाळ म्हणू नये. हे आकडे हा इंजिन क्रमांक समजून आरसीत चढवलेलेही पाहिले आहेत.

गिअरबॉक्सबद्दल थोडक्यात: युद्धातल्या जीपचा गिअरबॉक्स टी-८४, नंतरचा टी-९०. दोन्ही खोक्यांवर तसे उठवलेले असते. टी-९० अधिक दणकट असल्यामुळे तो बदललेला असणे हे नवल नाही, आणि गाडी चालवायची असेल तर त्याबद्दल तक्रारही करू नये.

६. हौसिंग: खडूची परीक्षा

मागच्या चाकाच्या मध्यभागी पाहावे. एमबी आणि जीपीडब्ल्यूच्या मागच्या हबवर गोल चकतीभोवती सहा बोल्ट दिसतात. तिथे मधोमध एकच मोठा नट आणि त्यातून आरपार स्प्लिट पिन दिसली तर ते हौसिंग नंतरच्या नागरी गाडीचे.

दुसरी परीक्षा रेशोची आहे आणि ती कोणालाही जमते. हौसिंगमधले मोठे दातेरी चाक म्हणजे क्राउन आणि त्याला फिरवणारे लहान चाक म्हणजे पिनियन; दोघांच्या दातांचा भागाकार म्हणजे रेशो. युद्धातल्या जीपच्या क्राउनला ३९ आणि पिनियनला ८ दात, म्हणजे ४.८८ चा रेशो. नागरी जीपला ४३ आणि ८, म्हणजे ५.३८. हौसिंग न खोलता हे असे मोजावे. मागची दोन्ही चाके जॅकने उचलून घोड्यांवर ठेवावीत, पुढच्या चाकांना गाडी सरकू नये म्हणून ओट लावावी. गिअर न्यूट्रलमध्ये आणि फोर-बाय (चारही चाकांना ताकद देणारी जोडणी) काढलेले असावे. हँडब्रेक सोडायला विसरू नये, कारण या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (ताकद पुढच्या-मागच्या हौसिंगला वाटून देणाऱ्या खोक्याच्या) मागे, हौसिंगला फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवरच लागतो. तो ओढलेला राहिला तर शाफ्ट जागचा हलणार नाही. शाफ्टवर खडूची एक रेघ, दोन्ही टायरवर एकेक रेघ मारावी. दोघांनी दोन चाके एकाच वेळी, एकाच दिशेने, बरोबर एक फेरी फिरवावी आणि तिसऱ्याने खाली शाफ्टच्या फेऱ्या मोजाव्यात. रेघ पाचव्या फेरीला पूर्ण व्हायच्या जरा आधी थांबली तर ४.८८. पाच फेऱ्या पूर्ण होऊन रेघ पुढे एक तृतीयांशाहून थोडी जास्त सरकली तर ५.३८. एकच चाक फिरवले तर हिशेब अर्ध्यावर येतो आणि माणूस गोंधळतो, म्हणून दोन्ही चाके सोबत फिरली पाहिजेत.

हीच मोजणी पुढच्या हौसिंगवरही करावी. पुढे एक आणि मागे दुसरा रेशो असलेल्या जीप मी पाहिल्या आहेत. अशी गाडी साध्या रस्त्यावर निमूट चालते, पण फोर-बाय टाकून कोरड्या डांबरावर आली की दोन्ही हौसिंग एकमेकांशी भांडतात आणि काहीतरी तुटते.

चाक काढणार असाल तर एक सावधगिरी: या जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलट्या आट्यांचे नट असतात. ते नेहमीच्या दिशेने सोडवायला गेलात तर घट्ट होतात आणि पान्ह्यावर उभे राहिलात तर स्टड मोडतो.

७. बॉडी आणि रंगाचे थर

आज जीपची नवी बॉडी सहज मिळते. हरियाणातील मंडी डबवालीसारख्या ठिकाणी त्याचा मोठा व्यवसाय आहे, फिलिपिन्समधूनही बॉड्या येतात. नवी बॉडी ही फसवणूक नाही, मात्र ती जुनी म्हणून विकणे ही आहे. चुंबक फिरवून लांबी (पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी) कुठे भरली आहे ते पाहावे. आतून, सीटखाली आणि मागच्या चाकांवरच्या टूलबॉक्समध्ये हात घालून कारखान्याच्या स्पॉट वेल्डिंगचे एकसारख्या अंतरावरचे गोल ठिपके लागतात का ते बघावे. गॅस वेल्डिंगची सलग, फुगीर रेघ म्हणजे पुढचे काम.

सुरुवातीच्या बॉड्यांच्या मागच्या पत्र्यावर डावीकडे ‘विलीज’ किंवा ‘फोर्ड’ असे उठवलेले असे. १९४२ च्या मध्याच्या सुमारास सैन्याने ते बंद करायला लावले. म्हणजे १९४४ च्या चासीवर अशी अक्षरे असतील तर बॉडी एक तर दुसऱ्या गाडीची आहे किंवा नवी आहे. अगदी पहिल्या एमबींना डॅशबोर्डवर खणही नव्हता. १९४४ पासून दोन्ही कंपन्यांना इंडियाना राज्यातील कॉनर्सव्हिल येथील अमेरिकन सेंट्रल मॅन्युफॅक्चरिंगची सामाईक बॉडी मिळू लागली, त्यामुळे त्यानंतरच्या बॉडीवरून विलीज की फोर्ड हा वाद घालणे व्यर्थ आहे.

रंगाचे काम संयमाने करावे. बॉनेटच्या बाजूवर पाण्यातला बारीक पॉलिश पेपर, सहाशे नंबरचा, तळहाताएवढ्या जागेत हलक्या हाताने फिरवावा. माझ्या बॉनेटवर वरचा लाल, त्याखाली पांढरा, मग निळा आणि तळाशी मळकट हिरवा असे थर पाण्याच्या वर्तुळांसारखे उमटले. अमेरिकी सैन्याचा नोंदणी क्रमांक बॉनेटच्या दोन्ही बाजूंना रंगवलेला असे आणि जीपसाठी तो ‘२०’ ने सुरू होई. नशीब असेल तर हिरव्या थरावर त्याचे आकडे मिळतात. माझ्या बॉनेटवर काहीच मिळाले नाही, आणि नंतर कळले की ते बॉनेटच वेगळ्या गाडीचे होते.

८. ‘एफ’ अक्षर आणि डॅशबोर्डवरच्या पाट्या

फोर्डने बोल्टच्या डोक्यांपासून पेडल आणि ब्रॅकेटपर्यंत असंख्य भागांवर आपले वळणदार ‘एफ’ उठवले. हा शोध फार आनंदाचा असतो आणि म्हणूनच फसवा. एक-दोन ‘एफ’ सापडले म्हणजे गाडी फोर्डची होत नाही. डेपोत विलीजलाही फोर्डचे भाग बसत होते. कुठे, किती आणि न उकललेल्या ठिकाणी आहेत का, हे पाहावे. चासीला कायमच्या रिव्हेट केलेल्या भागावरचा एक ‘एफ’ सुट्या दहा बोल्टांहून मोलाचा.

खणाच्या झाकणावरील धातूच्या पाट्यांपैकी एकीवर गाडीचा क्रमांक आणि सैन्याला दिल्याची तारीख असते. ही तारीख अमेरिकी पद्धतीची आहे, आधी महिना आणि मग दिवस. ‘४-९-४३’ म्हणजे आपल्या वाचनानुसार ४ सप्टेंबर नव्हे, तर ९ एप्रिल. या पाट्यांच्या नव्या नकला कोऱ्या मिळतात आणि त्यावर हवा तो क्रमांक ठोकून घेता येतो. म्हणून पाटी हा शेवटचा पुरावा, पहिला नव्हे. चासीवरचा क्रमांक तिच्याशी जुळला तरच तिची किंमत करावी.

९. कागद

आरसीवरील उत्पादनाचे वर्ष डोळे मिटून मानू नये. डिस्पोजलमधून निघालेली जीप नागरी नोंदणीला आली त्या वर्षालाच अनेकदा ‘उत्पादन वर्ष’ म्हणून चढवले गेले. माझ्या आरसीवर १९५६ आहे आणि चासीचा क्रमांक १९४३ चा. इंजिन बदलल्याची नोंद आहे का, इंधन पेट्रोलच लिहिले आहे का, आसनसंख्या किती, हे सगळे प्रत्यक्ष गाडीशी ताडावे. चासीची छाप आणि आरसी यांत एका आकड्याचाही फरक असेल तर व्यवहाराआधी तो विकणाऱ्याकडूनच आरटीओत निस्तरून घ्यावा, कारण पैसे दिल्यावर तो फरक आपला होतो.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या, बिगर-व्यावसायिक दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, प्रमाणपत्राची मुदत १० वर्षे आणि पुनर्नोंदणीचे शुल्क ५ हजार रुपये आहे. अर्ज फॉर्म २० मध्ये, सोबत विमा आणि जुनी आरसी. मात्र अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर काढायची असते. शिवाय गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. म्हणजे वरचे आठ टप्पे इथे थेट उपयोगी पडतात. डिझेल इंजिन घातलेली आणि दांडे कापलेली जीप घेऊन तिथे उभे राहण्यापेक्षा, जी गाडी शेतावर रोज लागणार आहे ती साध्या नोंदणीवरच ठेवलेली बरी.

माझ्या वहीत आता गाडीची नोंद अशी आहे: चासी जीपीडब्ल्यू, १९४३, छाप घेतलेली, इंजिन ‘जे’, नागरी, गिअरबॉक्स टी-९०, पुढचे हौसिंग ४.८८ असताना मागचे ५.३८ निघाले, म्हणून फोर-बायची दांडी तारेने बांधून ठेवलेली, बॉडी नवी. मागच्या हौसिंगचा शोध चालू आहे.